बंदीचा हुकूम तरी दाखवा!

७ जून २०२३ रोजी कोल्हापुरात बंद पुकारला गेला, जमाव पांगविण्यासाठी लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला आणि त्याच दिवशी सरकारने तेथील इंटरनेट बंद केले. कोल्हापूर आम्हां सीमावासीयांस परके नाही. बेळगावचा माल तेथे जातो, निपाणीची मुले तेथे शिकतात आणि सोयरिकी तर दोन्ही बाजूंस आहेत. मोबाइलवरील काही मजकुरावरून शहरात तणाव माजला होता ही गोष्ट खरी. दगड भिरकावणाऱ्यांस पोलिसांनी आवरावयास हवे होते हेही खरे. परंतु ज्याने दगड हाती धरला नाही, ज्याने तो मजकूर पाहिलाही नाही, अशा प्रत्येक नागरिकाचे दुकान, बँक, नोकरी आणि निरोप एकाच कळीसरशी थांबविण्याचा अधिकार सरकारला कोणी व कोणत्या अटींवर दिला, हा प्रश्न त्या दिवशी फारच थोड्यांनी विचारला. आम्हांस तो आज विचारावयाचा आहे.

हरताळ हे जनतेचे हत्यार आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणि सीमालढ्यात आमच्या वडीलधाऱ्यांनी ते कितीदा उपसले याची मोजदाद नाही. दुकानांच्या फळ्या पडत त्या दुकानदाराच्या हातांनी पडत, आणि त्या पडल्या की राज्यकर्त्यांस घाम फुटे. आता काळाचा महिमा असा की हरताळ सरकारच पाडते, आणि तो जनतेवर पाडते! फळी उघडी असते, दुकानदार गल्ल्यावर बसलेला असतो, गिऱ्हाईक दारात उभे असते. पण गिऱ्हाइकाच्या खिशात रोकड नसते आणि दुकानदाराच्या भिंतीवरचा तो काळापांढरा चौकोन मुका झालेला असतो. बंद पुकारणाऱ्या पुढाऱ्यास निदान लोकांची समजूत घालावी लागते, सभा घ्यावी लागते, शिव्याही खाव्या लागतात. सरकारला यांपैकी काहीच करावे लागत नाही.

या हत्याराचा वापर किती झाला ते पाहिले म्हणजे लोकशाहीचा टेंभा मिरविणाऱ्या आपल्या देशाची मान खाली जावी. जगभरच्या इंटरनेटबंदीची नोंद ठेवणाऱ्या ‘ॲक्सेस नाऊ’ या संस्थेच्या मोजणीप्रमाणे २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे भारत यात साऱ्या जगात पहिला होता. २०२३ या एका वर्षात अशा ११६ बंद्या झाल्या. २०२४ साली हा पहिला क्रमांक म्यानमारकडे गेला, तेथे ८५ आणि आपल्याकडे ८४! ज्या देशात लष्कराने निवडून आलेले सरकार उलथून टाकले, त्या देशाच्या पंक्तीस आपण एका पानाच्या अंतरावर बसलो आहोत. आणि ही मोजणी परक्या संस्थेची आहे, कारण आपल्या सरकारकडे ती नाही. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने अहवाल सादर केला, त्यात हे स्पष्ट नमूद आहे की, देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंद दूरसंचार खातेही ठेवीत नाही व गृहखातेही ठेवीत नाही. बंदीमुळे दंगा शमतो काय, याचा अभ्यासही कोणी केलेला नव्हता. रोग्यास वारंवार एकच मात्रा द्यावयाची आणि रोगी बरा झाला की नाही हे टिपूनही ठेवावयाचे नाही, अशा वैद्यास आमच्या गावात कोणी दारात उभे करणार नाही.

कायद्याचा आधार काय, असे कोणी विचारील. तो आधार १८८५ च्या तार कायद्याचा होता. केसरी निघून अवघी चार वर्षे झाली होती, राष्ट्रसभेची पहिली बैठक त्याच वर्षाअखेरीस भरावयाची होती, आणि गोऱ्या सरकारास १८५७ च्या आठवणींनी अजून दचकून जाग येत होती. अशा सरकारने सार्वजनिक आणीबाणी व सार्वजनिक सुरक्षितता या दोन शब्दांखाली तारा आपल्या मुठीत ठेवल्या. स्वराज्य आले, तार गेली, पण मूठ उघडली नाही. २०१७ पर्यंत तर जमावबंदीचे १४४ कलमच इंटरनेटवर चालविले जात असे. चार माणसांच्या घोळक्यासाठी केलेले कलम लाखो माणसांच्या बोलण्यास लावले जाई. २०१५ च्या पाटीदार आंदोलनात गुजरातेत असेच झाले आणि तेथील उच्च न्यायालयानेही ते ग्राह्य धरले. ऑगस्ट २०१७ मध्ये प्रथमच वेगळे नियम झाले. हुकूम केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवाने काढावा आणि पुनर्विलोकन समितीने पाच दिवसांत तो तपासावा, असे ठरले. एका हुकुमाची मुदत पंधरा दिवसांहून अधिक नसावी, ही मर्यादा २०२० मध्ये आली. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याखालील नवे नियम आले. कागद दीडशे वर्षांत बदलला खरा. हुकूम काढणाराही सरकार आणि तपासणारी समितीही सरकारी सचिवांचीच, ही व्यवस्था मात्र अबाधित आहे.

काश्मीरचे उदाहरण येथे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण ते एका वृत्तपत्राचे उदाहरण आहे. ५ ऑगस्ट २०१९ रोजी ३७० व्या कलमाचा निर्णय झाला आणि त्याच वेळी काश्मीर खोऱ्यातील इंटरनेट, मोबाइल आणि साधे घरगुती दूरध्वनीसुद्धा बंद झाले. त्या निर्णयाविषयी वाचकांची मते भिन्न असतील; आमच्याच कचेरीत ती भिन्न आहेत. प्रश्न निर्णयाचा नाही. ‘काश्मीर टाइम्स’च्या कार्यकारी संपादक अनुराधा भसीन यांस आपली श्रीनगर आवृत्ती काढता येईना. बातमीदार बातमी आणू शकत नव्हता, आणलेली पाठवू शकत नव्हता. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १० जानेवारी २०२० रोजी न्यायमूर्ती रमणा, सुभाष रेड्डी व गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. इंटरनेटच्या द्वारे बोलण्याचे व व्यापार करण्याचे स्वातंत्र्य हे घटनेच्या १९ व्या कलमाच्या संरक्षणात येते. बेमुदत बंदी बेकायदेशीर आहे. बंदी घालावयाची तर ती प्रमाणात असावी. आणि प्रत्येक हुकूम प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे ज्यास त्याची झळ लागली त्यास न्यायालयात जाता येईल.

या निकालातील एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही, आमच्या मते तीच सर्वांत बोलकी आहे. ज्या हुकुमांवरून लाखो लोकांची तोंडे बंद झाली, ते सर्व हुकूम सरकारने देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही ठेवले नाहीत. हुकूम पुष्कळ आहेत, रोज बदलतात, सबब नमुन्यादाखल काही सादर करतो, असा पवित्रा होता. न्यायालयासच जेथे नमुना दाखविला जातो, तेथे सोपोरच्या सफरचंदाच्या व्यापाऱ्याने कोणाकडे कागद मागावयाचा? निकालानंतर पंधरा दिवसांनी इंटरनेट आले ते कासवाच्या गतीचे, आणि तेही सरकारने यादी करून दिलेल्या स्थळांपुरते. मार्च २०२० मध्ये महामारी आली, साऱ्या देशाच्या शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरू लागल्या, डॉक्टर परदेशांतील उपचारांची माहिती रात्र जागून मिळवू लागले. काश्मीरची मुले व डॉक्टर त्या वेळीही त्याच कासवावर बसलेले होते. पूर्ण वेग परत मिळाला तो फेब्रुवारी २०२१ मध्ये. अठरा महिने! २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील बहादूरशहा जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली, तेव्हापासून आणीबाणीचे नाव काढले की आपण त्या रात्रीचा दाखला देतो. ती वीज दोन-तीन दिवसांत परत आली होती.

सरकारची बाजू अशी सांगितली जाते की, अंधार केला म्हणजे दंगेखोर आंधळे होतात. मणिपूरने याचे उत्तर दिले आहे. ३ मे २०२३ रोजी तेथे हिंसाचार उसळला आणि इंटरनेट बंद झाले. दुसऱ्याच दिवशी, ४ मे रोजी, दोन स्त्रियांची जमावाने विवस्त्र धिंड काढली. त्या अत्याचाराचे चित्रण देशासमोर आले १९ जुलै रोजी. मधल्या अडीच महिन्यांत गुन्हेगार मोकळे होते. चित्रण बाहेर येताच दुसऱ्या दिवशी पहिली अटक झाली, संसद हादरली, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ते अडीच महिने अंधार कोणाच्या उपयोगी पडला? त्या जमावाच्या! ज्या अभागी स्त्रियांवर तो प्रसंग आला, त्यांस त्या अंधाराने कोणते संरक्षण दिले ते गृहखात्याने एकदा सांगावे.

आणि जेथे दंगाही नाही तेथे? राजस्थानात शिक्षकभरतीच्या पात्रता परीक्षेसाठी, २६ सप्टेंबर २०२१ रोजी, पेपर फुटू नये म्हणून अनेक जिल्ह्यांतील इंटरनेट बंद केले गेले. पेपर तरीही फुटला. तो जयपुरातील शिक्षण खात्याच्या आवारातूनच आधी बाहेर गेला होता. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या परीक्षेचा एक भाग रद्द करावा लागला. चोर कोठीघरात आणि पहारा साऱ्या गावावर, असा हा प्रकार. हसावे की रडावे हे त्या लाखो उमेदवारांस विचारा.

तरीसुद्धा अफवेचा प्रश्न उरतो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच गरीब भिक्षुकांस मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. ती अफवा मोबाइलवरूनच पसरली होती. या पाच जणांची आठवण ठेवूनच आम्ही हा लेख लिहीत आहो. परंतु ती अफवा त्या सकाळी जन्मलेली नव्हती. कित्येक आठवडे ती राज्यभर हिंडत होती, आणि तितके दिवस खरी माहिती घेऊन गावोगावी, बाजारोबाजारी जाण्याचे काम शासनाचे होते. ते काम कष्टाचे आहे, इंटरनेट तोडणे सोपे आहे. शिवाय तोडल्याने अफवा मरत नाही, तिचे खंडन तेवढे मरते. सप्टेंबर १९९५ मध्ये गणपती दूध पिऊ लागल्याची वार्ता एका दिवसात दिल्लीपासून लंडनपर्यंत पोहोचली; त्या वेळी आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता आणि ते कोणाच्या घरी नव्हते. (दुधाचा भाव मात्र त्या दिवशी खरोखरच वाढला होता!) अफवेस पाय असतात, तिला तार लागत नाही. सत्य जरा स्थूल असते, त्यास वाहन लागते.

खरी मेख पुढेच आहे. ज्या सरकारांनी ही तार तोडण्याची सवय लावून घेतली, त्यांनीच आपला सारा संसार त्या एका तारेला टांगला आहे. रेशनच्या दुकानात अंगठा यंत्रावर टेकल्याशिवाय धान्य मिळत नाही आणि ते यंत्र इंटरनेट मागते. रोजगार हमीच्या कामावरील मजुराची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर फोटो काढूनच घ्यावी, असे केंद्राने सक्तीचे केले. शेतकऱ्याचा उतारा संगणकात गेला, पीकविम्याचा अर्ज संगणकात गेला, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्त्या तेथेच गेल्या. रोकड सोडा, मोबाइलने पैसे द्या, असा उपदेश २०१६ च्या नोटबंदीपासून आपण ऐकला. आणि तो इतका मनावर घेतला की आज भाजीवालीसुद्धा सुट्या पैशांची पिशवी जवळ ठेवीत नाही. यातील सोय आम्ही नाकारीत नाही. खानापूरच्या रानातील गावकऱ्यास एका दाखल्यासाठी तालुक्याला चार खेपा घालाव्या लागत, त्या पुष्कळ वाचल्या. पण सोय करून देणाऱ्याने सोय काढून घेण्याचाही हक्क राखून ठेवावा, आणि जुनी वाट मात्र नांगरून टाकावी, हा व्यवहार सरळ नाही. बंदीच्या दिवशी हजेरी न लागलेल्या मजुराची मजुरी कोणी भरून द्यावयाची? ज्या कुटुंबाने त्या दिवशी रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी परत नेली, त्याचे नाव कोणत्या भरपाईच्या यादीत असते?

येथे कोणी आम्हांस टोकील की, तुमचे दुःख कर्नाटक सरकारशी आहे, मग महाराष्ट्रातील कोल्हापूरचे उदाहरण पहिल्याच ओळीत कशाला? मुद्दामच दिले. ज्या राज्यात जाण्यासाठी आम्ही १९५६ पासून झगडत आहो, त्या राज्याचे सरकारही या बाबतीत निराळे वागत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत तेथेही हेच कुलूप लागले. डिसेंबर २०१९ मध्ये मंगळुरात कर्नाटक सरकारने लावले तेही असेच. काँग्रेसच्या काळातील राजस्थान असो, भाजपचे हरयाणा असो, कुलपाचा कारखाना एकच दिसतो. महाराष्ट्रात विलीन होण्याची आमची मागणी ही भाषेची व न्यायाची मागणी आहे. तेथील सरकारच्या चुकांवर पांघरूण घालण्याचा करार आम्ही कोणाशी केलेला नाही.

आता आपल्या अंगणाकडे पाहू. १९ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्यास परवानगी नाकारली गेली, व्हॅक्सिन डेपो परिसरात जमावबंदी लागू झाली, हे वाचकांच्या स्मरणात आहे. महाराष्ट्राच्या मंत्र्यांचे येणेही त्याच महिन्यात अडले. ज्या प्रशासनास मैदान बंद करावयास एक कागद पुरतो, त्यास हवा बंद करावयास दुसरा कागद पुरेल. आणि आपली चळवळ आज कशावर उभी आहे? १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची सायकल फेरी कोणत्या गल्लीतून निघणार, १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन कोठे व किती वाजता, हे सारे आज व्हॉट्सॲपच्या गटांवर कळते. गट बंद झाला तर गल्लीतील कार्यकर्त्यास शेजारच्या गल्लीतील कार्यकर्त्याचा नंबरही आठवणार नाही. दुसऱ्याचे सोडा, घरच्या मुलाचा नंबर पाठ असलेला बाप आज शोधून काढावा लागेल.

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात छापील अक्षर सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे. लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नसे. त्या काळात २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या रानातून व पुढे कॅसलरॉकहून गुप्त नभोवाणी चालविली, ती गोवा मुक्त होईपर्यंत, डिसेंबर १९६१ पर्यंत बोलत राहिली. आंबोली आणि कॅसलरॉक ही दोन्ही ठिकाणे आपल्या पायाखालची आहेत. सहा वर्षे ती दोघे रानात राहिली ती एवढ्यासाठी की, सालाझारच्या हातातील तारेखेरीज आणखी एक तार असावी. आपणांस रानात जाण्याची गरज नाही. प्रत्येक गल्लीतील पंचवीस घरांचे नंबर एका वहीत शाईने लिहून ठेवावयाचे आहेत, कारण इंटरनेट गेले तरी साधा फोन बहुतेक वेळा चालू राहतो. चौकाचौकांतील फलक, ज्यांवर आता केवळ वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकतात, त्यांवर पुन्हा खडूने बातमी लिहावयाची आहे. दोन दिवसांच्या बाजारापुरती रोकड घरात असावी. मंडळांच्या तरुणांनी पत्रके वाटण्याची लाज सोडावी. ही कामे क्षुल्लक आहेत म्हणूनच ती कोणी करीत नाही.

आणि प्रशासनाकडे आमची मागणी आहे, ती आम्ही आजच, शांततेच्या दिवशी करून ठेवीत आहो. बंदीच्या दिवशी ती तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने हुकूम प्रसिद्ध करा असे २०२० मध्ये सांगितले, २०२४ च्या नियमांतही कारणे व क्षेत्र देऊन प्रसिद्धीचा दंडक आहे. प्रसिद्ध करा म्हणजे कोणत्या भाषेत? भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या जेथे पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक आहे तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, ही हमी राज्यपुनर्रचनेच्या काळापासून कागदावर आहे. तिच्या अंमलाकडे पाहण्यासाठी घटनेच्या ३५० ब कलमाखाली आयुक्त नेमले जातात. आणि त्यांच्याकडे गेलेल्या आमच्या अर्जांचे गठ्ठे वाचकांस परिचित आहेत. घरपट्टीचे बिल मराठीत द्या, बसवरची पाटी मराठीत लावा, असे आम्ही मागत आलो आहो आणि आम्हांस हेकेखोर ठरविले गेले आहे. परंतु ज्या हुकुमाने माझे बोलणे, माझा व्यवहार आणि माझे रेशन थांबते तो हुकूम मला वाचता येऊ नये, आणि तो न्यायालयात नेण्यापूर्वी मला दुभाषी शोधावा लागावा, हे कोणत्या न्यायात बसते? ज्यांची भाषा उर्दू आहे त्या आमच्या शेजाऱ्यांचाही हाच प्रश्न आहे.

म्हणून, बेळगाव जिल्ह्यात कधी काळी इंटरनेट बंद करण्याचा प्रसंग आलाच, तर तो हुकूम बंदी सुरू होण्यापूर्वी कागदावर छापून निघाला पाहिजे. तो कानडीबरोबर मराठीत व उर्दूत असावा. जिल्हाधिकारी कचेरी, महापालिका, खानापूर व निपाणीच्या तहसील कचेऱ्या आणि प्रत्येक पोलीस ठाणे यांच्या दारावर तो चिकटवावा. कोणत्या वॉर्डात, किती वाजेपर्यंत, कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने, हे त्यात लिहिलेले असावे. पुनर्विलोकन समितीने पाच दिवसांत काय ठरविले तेही त्याच भिंतीवर लागावे. त्याची प्रत वृत्तपत्रांस हाती द्यावी. आम्ही ती विनामूल्य पहिल्या पानावर छापू, सहीसकट.